इमर्जन्सी गर्भनिरोधक गोळी घेतल्यावर प्रेग्नन्सी टेस्ट नेमकी कधी करायची?

गोळी घेतली, पाळीची तारीख उलटली, की धास्तीने रोज एक किट वापरलं जातं. फार लवकर केलेली टेस्ट निगेटिव्ह आली तरी तिच्यावर विसंबता येत नाही. त्यापेक्षा गोळी घेतली त्याच दिवशी मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये एवढं टाकून ठेवा:

१. संबंध आला ती तारीख आणि त्यापुढे २१ दिवसांनी ‘टेस्ट’चा अलार्म.

२. पाळीची अपेक्षित तारीख. लेव्होनॉरजेस्ट्रेल हे हार्मोन (१.५ मि.ग्रॅ.) असलेल्या इमर्जन्सी गोळीनंतर पाळी आठवडाभर आधी किंवा उशिरा येऊ शकते, कधी नेहमीपेक्षा जास्त तर कधी कमी जाते. तेवढ्यावरून घाबरू नका. सात दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तर मात्र टेस्ट कराच.

३. मधे दिसलेले डाग वेगळे लिहा. गोळीनंतर काही दिवसांनी थोडं रक्त दिसलं की ‘पाळी आली, सुटले’ असं वाटतं, आणि खरी गफलत इथेच होते. ते डाग म्हणजे पाळी नव्हे. शंका असेल तर २१ दिवसांनी टेस्ट करा.

टेस्ट सकाळच्या पहिल्या लघवीवर करा. त्याच महिन्यात पुन्हा संबंध आला तर आधीची गोळी उपयोगी पडत नाही. निरोध वापरा आणि २१ दिवस शेवटच्या असुरक्षित संबंधापासून मोजा.

ओटीपोटात, विशेषतः एका बाजूला, जोराची कळ येत असेल किंवा चक्कर येत असेल तर तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे जा.