जहाजाची कोठी ‘नापास’ झाली तर: मराठवाड्यातील निर्यातदाराने चार्टर करारातील वाद कसा हाताळावा

मोंढ्यात ट्रक लागला की अडत्या आधी फाळका पाडून आत नाक घालतो, मागच्या फेरीला खत होते की सिमेंट हे ड्रायव्हरला विचारतो आणि मगच हमालांना हात हलवू देतो. हाच माणूस चार जणांबरोबर मिळून पंचवीस हजार टन सोयापेंडीसाठी किंवा साखरेसाठी चार्टर करार करून जहाज भाड्याने घेतो, तेव्हा मात्र कोठी, म्हणजे जहाजातील माल भरण्याची जागा, स्वच्छ असेल हे गृहीत धरून बाकीचे ब्रोकरवर सोडतो. लातूर, धाराशिव किंवा नांदेडहून निघालेला माल कांडला, मुंबई किंवा जयगडला पोहोचेपर्यंत कित्येक लाखांचे ट्रकभाडे खर्ची पडलेले असते, आणि त्याच वेळी सर्व्हेअरने, म्हणजे कोठी तपासणाऱ्या तज्ज्ञाने, ती नापास केल्याचा फोन आला की भांडण सुरू होते. अशी काही प्रकरणे जवळून हाताळल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, कोठी किती घाण होती यावर हे वाद फारसे ठरत नाहीत. करारात कोणता शब्द होता, आणि घाण दिसल्यावर कोणी, किती वाजता, काय लिहून दिले, यावर ते ठरतात.

करारावर सही करण्यापूर्वी

‘स्वच्छ’ या शब्दाला जहाजाच्या धंद्यात एक अर्थ नाही. कोळशाला किंवा लोहखनिजाला झाडलेली कोठी चालते. धान्य, पेंड आणि साखरेला ‘ग्रेन क्लीन’ लागते. आणि काही रसायनांना ‘हॉस्पिटल क्लीन’ म्हणजे रंगाचा पापुद्राही सुटलेला नसलेली कोठी लागते. ‘ग्रेन क्लीन’चा रूढ अर्थ असा की कोठी कोरडी असावी, तिच्यात कीड, वास आणि मागील मालाचा अवशेष नसावा, आणि सुटा गंज किंवा रंगाचे निघालेले पोपडे नसावेत. भिंतीला घट्ट बसलेला गंज यात सहसा आक्षेपार्ह धरला जात नाही, आणि नेमका याच मुद्द्यावर कप्तान व सर्व्हेअर यांची जुंपते.

म्हणून करारात केवळ ‘स्वच्छ कोठ्या’ असे शब्द आले असतील तर तेवढ्यावर थांबू नये. माल कोणता आहे, दर्जा कोणता हवा आहे, तपासणी कोण करणार, त्याचा निर्णय दोघांवर बंधनकारक राहील का, आणि नापास झाल्यास वेळ व खर्च कोणाचा, हे पाचही मुद्दे स्वतंत्र वाक्यांत लिहून घ्यावेत. सर्व्हेअर स्वतंत्र असावा आणि त्याची नेमणूक दोघांच्या संमतीने व्हावी, असाही आग्रह धरावा. माल पाठवणाऱ्याच्या पगारी माणसाने दिलेला ‘नापास’ शेरा लवादासमोर फार दूर जात नाही. मागील तीन मालांची नावे जहाजमालकाकडून लेखी घ्यावीत. पेटकोक, म्हणजे खनिज तेलापासून मिळणारा कोळशासारखा पदार्थ, असेल तर तेलकट काळा थर राहतो, सिमेंट असेल तर पाणी लागताच ते दगडासारखे धरते, मीठ असेल तर क्षार राहतो, आणि मासळीची पूड असेल तर वास कोठी धुतल्यावरही जात नाही. ही यादी हाती असली की तपासणीत नेमके कुठे पाहायचे ते आधीच कळते.

तपासणीच्या दिवशी

एका गिऱ्हाइकाच्या साखरेसाठी आलेल्या जहाजावर मी स्वतः चढलो होतो. पाच कोठ्या, मागील माल पेटकोक. वरून पाहिले तेव्हा तळ आरशासारखा लख्ख होता आणि कप्तान दोन वेळा धुतल्याचे अभिमानाने सांगत होता. सर्व्हेअर काही न बोलता शिडीने खाली उतरला, भिंतीच्या उभ्या पट्ट्यांना जिथे आडवे तुकडे जोडलेले असतात तिथे वर हात घालून त्याने पांढरे सुती फडके फिरवले, आणि ते फडके काजळीसारखे तेलकट काळे झालेले आमच्यासमोर धरले. खालून किंवा वरून पाहणाऱ्याला ती जागा दिसतच नाही. साखर भरल्यावर मात्र जहाजाच्या हेलकाव्याने तेथूनच काळे कण खाली पडतात.

त्यामुळे आपल्या माणसाने फक्त तळ पाहून परतू नये. पट्ट्यांच्या मागच्या बाजू, झाकणांच्या आतील कडा, शिडीच्या पायऱ्यांखालील जागा आणि कोपऱ्यातील पाणी साठवणाऱ्या बिल्जच्या खाचा पाहाव्यात. मिठाची शंका असेल तर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून पाहतात. पृष्ठभागावर क्षार असेल तर थेंब दुधासारखा पांढरा होतो. झाकणे गळतात का हे पाण्याच्या फवाऱ्याने किंवा अल्ट्रासोनिक यंत्राने तपासून घ्यावे, कारण स्वच्छ कोठीतही वरून समुद्राचे पाणी शिरले तर साखर वाचत नाही.

एक इशारा येथेच दिला पाहिजे. आपल्याकडे जुन्या वाड्यांतील पेवात उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहत, कारण बंद जागेतील हवा माणसाला गुदमरवते. जहाजाची बंद राहिलेली कोठी, विशेषतः कोळसा किंवा भंगार नेलेली किंवा धुरी दिलेली, तशीच असते. हवा मोजणाऱ्या यंत्राने तपासल्याशिवाय आणि जहाजाच्या अधिकाऱ्याने परवानगी दिल्याशिवाय कोणीही खाली उतरू नये.

फोटोत तारीख व वेळ दिसावी, प्रत्येक फोटोत कोठीचा क्रमांक यावा आणि डाग दाखवताना बाजूला पट्टी किंवा नाणे ठेवावे. पुसलेली फडकी व खरवडून काढलेला माल सीलबंद पिशव्यांत भरून त्यावर कप्तानाची किंवा चीफ ऑफिसरची सही घ्यावी; त्याने नकार दिला तर तो नकारही लिहून ठेवावा. सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे ‘स्टेटमेंट ऑफ फॅक्ट्स’, ज्यात जहाज कधी आले, कधी तपासले, कधी नापास झाले, कधी धुणे सुरू झाले आणि कधी पास झाले याच्या वेळा असतात. वर सांगितलेल्या प्रकरणात एजंटाला संध्याकाळची गाडी पकडायची होती, म्हणून आमच्या माणसाने हा कागद शेरा न लिहिता सही करून दिला. पुढे लवादात समोरच्या वकिलाने पहिल्या दिवशी तोच कागद वाचला, आणि आमची मागणी निम्म्यावर तडजोड करून मिटवावी लागली. सही करणे भाग असेल तर ‘हक्क राखून’ एवढे तरी स्वहस्ते लिहावे.

सज्जतेची नोटीस: पैसा येथे आहे

एका फेरीसाठी जहाज घेतले असेल तर माल भरण्याची मोफत मुदत, म्हणजे ले-टाइम, कप्तानाच्या ‘नोटीस ऑफ रेडिनेस’पासून धावू लागते, आणि ती संपली की दररोजचा दंड, म्हणजे डेमरेज, चढतो. इंग्लिश कायद्यानुसार, आणि असे बहुतेक करार त्याच कायद्याखाली असतात, नोटीस दिली त्या क्षणी जहाज खरोखर सज्ज असले पाहिजे. या मुद्द्यावरचा ‘ट्रेस फ्लोरेस’चा निकाल प्रसिद्ध आहे. नोव्हेंबर १९७० मध्ये हे जहाज मका भरण्यासाठी बल्गेरियातील वार्ना बंदरात आले आणि नोटीस दिली. नंतर कोठ्यांत कीड सापडली आणि धुरी द्यावी लागली. धुरीला लागले अवघे काही तास, पण इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९७३ मध्ये ठरवले की नोटीसच अवैध होती, आणि त्यामुळे वाट पाहण्यात गेलेले मधले दिवस भाडेकरूच्या, म्हणजे जहाज भाड्याने घेणाऱ्याच्या, हिशेबात धरता येत नाहीत.

अवैध नोटीस पुढे कोठी साफ झाल्यावर आपोआप वैध होत नाही, हे १९९० च्या ‘मेक्सिको १’ निकालाने स्पष्ट केले. कप्तानाला नवी नोटीस द्यावी लागते. मात्र भाडेकरूने काही न बोलता काम सुरू केले तर त्याने आक्षेप सोडून दिला असे धरले जाऊ शकते, हे २००२ च्या ‘हॅपी डे’ निकालाने सांगितले. त्यामुळे नापास शेरा मिळताच, त्याच दिवशी, एक ओळीचा ई-मेल जहाजमालक, ब्रोकर आणि कप्तान या तिघांना गेला पाहिजे: नोटीस अवैध आहे, ती आम्ही नाकारतो, कोठ्या पास झाल्यावर नवी नोटीस द्यावी.

आता यातील खोच. एका फेरीच्या भाड्यासाठी वापरल्या जाणाऱ्या छापील ‘जेन्कॉन १९९४’ करारात सहाव्या कलमात असे आहे की धक्का मोकळा नसताना जहाज बाहेरूनच नोटीस देऊ शकते, आणि नंतर तपासणीत ते सज्ज नसल्याचे आढळले तर ते आढळल्यापासून पुन्हा सज्ज होईपर्यंतचा वेळच मोजला जात नाही. समजा जहाज सहा दिवस बाहेर थांबले, धक्क्यावर आल्यावर नापास झाले आणि दोन दिवस धुण्यात गेले. ‘ट्रेस फ्लोरेस’च्या निकालाप्रमाणे आठही दिवस जहाजमालकाच्या माथी पडतात. या कलमाप्रमाणे फक्त दोन, आणि सहा दिवस आपल्या मुदतीतून कापले जातात. डेमरेजचा दर दिवसाला १२,००० डॉलर धरला आणि ते सहाही दिवस अखेर डेमरेजमध्येच गेले, तर फरक ७२,००० डॉलरचा होतो. मी प्रत्येक निर्यातदाराला हे कलम खोडून ‘नापास झाल्यास आधीची नोटीस रद्द समजावी’ असे लिहून घ्यायला सांगतो. ब्रोकर कुरकुरतो, पण बाजार मंद असला की जहाजमालक मान्य करतो.

पाचपैकी तीन कोठ्या पास आणि दोन नापास असतील तर? करारात वेगळे लिहिले नसल्यास भाड्याने घेतलेली सर्व जागा तयार असेपर्यंत जहाज सज्ज धरले जात नाही. तरीही पावसाचे ढग पाहून पास झालेल्या कोठ्यांत भरणी सुरू करायची असेल, तर ती हक्क राखून सुरू करीत असल्याचे आधी कळवावे, नंतर नव्हे.

मुदतीच्या भाड्यावर घेतलेले जहाज

महिन्याच्या हिशेबाने जहाज घेतले तर ले-टाइमचा प्रश्न नसतो. प्रश्न असतो तो भाडे थांबते की नाही याचा. ‘एनवायपीई १९४६’ हा अशा भाड्याच्या कराराचा छापील नमुना म्हणतो की ताबा देताना कोठ्या झाडून स्वच्छ असाव्यात. पण भाडे थांबण्याचे, म्हणजे ऑफ-हायरचे कलम वेगळे असते, आणि त्यातील कारणांत आपले कारण बसवून दाखवण्याची जबाबदारी भाडेकरूवर असते. यासाठी नापास झाल्यापासून पास होईपर्यंत भाडे बंद आणि धुण्याचा खर्च जहाजमालकाचा, असे स्वतंत्र कलम घालावे.

मधल्या फेऱ्यांची गोष्ट उलटी आहे. आपणच आधी कोळसा भरायला लावला असेल तर तो काढून कोठ्या धुण्याचे काम खलाशी आपल्या सांगण्यावरून, आपल्या खर्चाने करतात, आणि ‘कोठी पास होईलच याची जबाबदारी आमची नाही’ असे कलम बहुधा करारात असते. अशा वेळी भांडायला जागा फार थोडी राहते. शिवाय धुतलेले पाणी बंदरात सोडता येत नाही. जहाजांमुळे होणाऱ्या प्रदूषणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय ‘मार्पोल’ कराराच्या पाचव्या परिशिष्टातील, १ जानेवारी २०१३ पासून लागू झालेल्या नियमांमुळे, समुद्राला अपायकारक ठरवलेल्या मालाचे अवशेष समुद्रात टाकण्यास बंदी आहे, आणि इतर अवशेषांसाठीही सर्वसाधारणपणे किनाऱ्यापासून किमान १२ सागरी मैल जावे लागते. म्हणजे जहाज बाहेर जाऊन, धुऊन, गोड्या पाण्याने खंगाळून, वाळवून परत येणार. तेवढे दिवस वेळापत्रकात आधीच धरावेत.

जहाज नाकारणे आणि नुकसान मागणे

करारात जहाज सज्ज होण्याची शेवटची तारीख असते. ती उलटल्यावरही कोठी तयार नसेल तर करार रद्द करता येतो. कलकत्त्यात ताबा द्यायच्या ‘मॅडेलिन’ जहाजाच्या १९६७ च्या निकालात उंदीरमुक्तीचे वैध प्रमाणपत्र नसल्याने भाडेकरूचा रद्द करण्याचा हक्क मान्य झाला. पण त्याच निकालाने हेही सांगितले की ती वेळ येण्याआधी या कलमाखाली रद्द करता येत नाही. घाईने वेळेआधी पाठवलेले रद्दपत्र आपल्यावरच उलटू शकते.

भरपाई मागताना डेमरेजपलीकडचा खर्च, म्हणजे ट्रकचा खोळंबा, बंदरातील गोदामभाडे, परत चढवण्या-उतरवण्याची मजुरी, प्रत्येकी पावतीनिशी सिद्ध करावा लागतो, आणि तो कमी करण्याचा प्रयत्न केल्याचेही दाखवावे लागते. नापास शेरा आल्यावरही लातूरहून ट्रक सोडत राहिलो, तर त्या ट्रकचे भाडे कोणी देणार नाही. निघायला तयार गाड्या गोदामावरच थांबवल्याचा संदेश जपून ठेवावा.

मुदती काटेकोर आहेत. बिल ऑफ लेडिंगखाली, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीखाली, माल खराब झाल्याचा दावा समुद्री मालवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय हेग नियमांप्रमाणे माल दिल्यापासून, किंवा तो द्यायला हवा होता त्या तारखेपासून, एका वर्षात दाखल करावा लागतो, आणि बाहेरून न दिसणाऱ्या नुकसानीची सूचना तीन दिवसांत द्यायची असते. चार्टर करारावरील दाव्याला इंग्लिश कायद्यात सर्वसाधारणपणे सहा वर्षे आणि भारतीय कायद्यात तीन वर्षे मिळतात, पण पुष्कळ करारांत याहून लहान मुदत लिहिलेली असते. ते कलम प्रथम शोधावे. लवाद लंडनमध्ये झाला तरी त्याच्या निवाड्याची अंमलबजावणी १९९६ च्या लवाद व समेट कायद्याखाली भारतात मागता येते, आणि जहाज मुंबई किंवा जयगडला उभे असेल तर २०१७ च्या नौकाधिकरण (ॲडमिरल्टी) कायद्याखाली मुंबई उच्च न्यायालयाकडून ते अडकवून ठेवण्याचा आदेश मिळवता येतो. त्यासाठी जहाज बंदर सोडण्याआधी कागद हातात लागतात. म्हणून चार्टर करार, नोटिसा, ई-मेल आणि शेरा असलेले स्टेटमेंट यांची एक संपूर्ण प्रत बंदरावरील माणसाकडे आणि दुसरी लातूरच्या कार्यालयात, पहिल्या दिवसापासून ठेवावी, आणि सीलबंद फडक्यांच्या पिशव्या प्रकरण पूर्ण मिटेपर्यंत कोणी टाकून देऊ नयेत असे गोदामपालाला लेखी सांगावे.