डिस्टिलरीचा चोथा खाऊ घालताना या चुका टाळा

धान्य आंबवून अल्कोहोल काढलं की मागे उरतो तो चोथा. यीस्टने संपवलेला असतो फक्त स्टार्च. प्रथिनं, तेल, तंतू, खनिजं तशीच राहतात, तीही मूळ धान्याच्या जेमतेम एक तृतीयांश वजनात. थोडक्यात, उरलं ते सगळं साधारण तिप्पट दाट. मक्यात प्रथिनं ८-९ टक्के, तर मक्याच्या वाळवलेल्या चोथ्यात, म्हणजे डीडीजीएसमध्ये, २७ टक्क्यांच्या आसपास. हा आकडा ऐकून सगळे खूश होतात. तिप्पट आणखी काय काय झालं, हे मात्र कोणी विचारत नाही.

बुरशीचं विष झालं. ‘एवढं शिजवलंय, आंबवलंय, मग बुरशी राहीलच कशी?’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. बुरशी मरते हो, तिचं विष टिकतं. धान्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीविष २० पीपीबी (अब्ज भागांत २० भाग) असेल तर चोथ्यात ते ६०च्या घरात जातं. गाईच्या पोटात गेलं की त्याचा काही भाग दुधात उतरतो. बदकं याबाबतीत फार हळवी. कोंबड्या तगतात तेवढ्या मात्रेत बदकांची पिल्लं मरतात. डुकरांचं खाणं कमी झालं, माजाचं चक्र बिघडलं, तर इतर बुरशीविषांचा संशय घ्यावा. वासावरून यातलं काहीच कळत नाही. प्रत्येक लॉटचा तपासणी अहवाल मागा, तो नसेल तर नमुना स्वतः तपासून घ्या.

प्रथिनांच्या आकड्यानेही फसगत होते. प्रयोगशाळा नायट्रोजन मोजून प्रथिनं काढते, त्यामुळे कोणी युरिया मिसळला तर कागदावर माल उत्तम दिसतो. कोंबडीला त्या युरियाचा काडीचा उपयोग नाही. शिवाय सोयापेंडीत लायसिन, म्हणजे वाढीला लागणारा प्रथिनांचा एक घटक, पावणेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, मक्याच्या चोथ्यात पाऊण टक्का. सोयापेंडीच्या जागी किलोला किलो चोथा घातला की ब्रॉयलरची, म्हणजे मांसासाठीच्या कोंबड्यांची, वाढ खुंटते, कळपात लहानमोठे पक्षी दिसू लागतात. वाळवताना माल करपला असेल तर आहे ते लायसिनही पचत नाही. सोनेरी पिवळा रंग चांगला. गडद तपकिरी आणि जळकट वास असेल तर कोंबड्या-डुकरांसाठी तो माल घेऊच नका. लहान पिल्लांच्या खाद्यात ५ टक्क्यांवर जाऊ नये, मोठ्या ब्रॉयलरला आणि अंड्यावरच्या कोंबड्यांना सुरुवातीला १० टक्के पुरे. तांदळाचा चोथा वापरून बलक फिका पडला तर घाबरू नका, त्यात मक्याचा पिवळा रंग नसतो एवढंच.

ओल्या चोथ्याचा हिशेब तर हमखास चुकतो. त्यात ६५-७० टक्के पाणी असतं. ३ किलो पेंड काढून ३ किलो ओला चोथा घातला, तर जनावराच्या पोटात कोरडा माल किलोभरच गेला. दूध घटलं की दोष चोथ्याला! उन्हाळ्यात तो उघड्यावर ३-४ दिवसांत आंबतो, बुरशी धरतो. संपेल तेवढाच आणा, नाहीतर दाबून, हवा काढून प्लास्टिकखाली बंद करा. बुरशी धरलेला वरचा थर ‘थोडाच आहे’ म्हणून बाकीच्यात कालवू नका.

दुधाची फॅट घसरली तर चोथ्यातलं तेल आणि कमी पडलेला लांब चारा, दोन्हीकडे बघा. चोथ्यात तंतू भरपूर, पण बारीक. त्याने रवंथ होत नाही. एकूण कोरड्या खाद्याच्या २० टक्क्यांपर्यंत आणि तेही दोन आठवड्यांत हळूहळू वाढवत न्यावं.

आता खनिजं. फॉस्फरस पाऊण टक्का आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. या असमतोलातून मूतखडे होतात. बोकड किंवा मेंढा कुंथतोय, लघवी थेंब थेंब होतेय, तर मूतखडा धरून चाला आणि लगेच डॉक्टर बोलवा. चुनखडीची भुकटी आणि भरपूर पाणी हा आधीचा बंदोबस्त. लेअरच्या, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या, खाद्यातही कॅल्शियम वेगळं मोजून घालावंच लागतं, नाहीतर टरफल पातळ पडतं.

गंधक याहून घातक. कारखान्यात आम्लता राखायला सल्फ्युरिक आम्ल वापरतात, ते चोथ्यात उतरतं, आणि पाण्यातही गंधक असेल तर भर पडते. जनावर भिंतीला डोकं टेकून उभं, नजर शून्य, चाल लडखडती, तर मेंदूला इजा होत असल्याची ही खूण आहे. चोथा तत्काळ थांबवा. डॉक्टर थायमिनचं (जीवनसत्त्व ब-१) इंजेक्शन देतात, पण तिथे तासांचा हिशेब असतो. मेंढ्यांच्या बाबतीत आणखी एक पथ्य: तांब्याच्या भट्टीतून आलेल्या अवशेषात तांबं जास्त असू शकतं आणि मेंढीला ते सोसत नाही.

आणि मळीपासून अल्कोहोल करणाऱ्या कारखान्याचं काळं सांडपाणी म्हणजे धान्याचा चोथा नव्हे. नाव डिस्टिलरीचंच असलं तरी ते गव्हाणीत ओतायचं नाही.