असल उत्तरचा ऊस : १:३५ मापाच्या रणगाड्याभोवतीचे पीक कसे घडवावे

सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातील खेमकरण भागात, असल उत्तरच्या लढाईत, भारतीय सेंच्युरियन रणगाडे उभ्या उसात दबा धरून बसले होते आणि पुढे सरकणारे पाकिस्तानी पॅटन त्यांच्या माऱ्यात सापडले. छोट्या प्रतिकृतींनी या प्रसंगाचा देखावा करताना रणगाड्यावर अपार मेहनत घेतली जाते, पण उसाच्या जागी बाजारातील तयार हिरवे गवत खोवले जाते, हे मला फार खटकते. रणगाडे लपले होते ते उसामुळेच. सातारा-सांगलीकडच्या माणसाला तर नमुना शोधायला दूर जावे लागत नाही. कराडपासून पेठनाक्यापर्यंत महामार्गाच्या दोन्ही अंगांना ऊस उभाच असतो.

मात्र आपल्याकडचा ऊस जसाच्या तसा उतरवू नये. कृष्णाकाठचा आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला जातो आणि सुमारे दीड वर्ष शेतात राहतो, त्यामुळे तो उंच आणि जाड होतो. पंजाबात लागवड मुख्यतः फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, म्हणजे सप्टेंबरमध्ये तेथील पीक सहा-सात महिन्यांचे आणि बारीक कांड्यांचे असते. मी उंची दोन ते अडीच मीटर धरतो; १:३५ मापात, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागात, ती ५७ ते ७१ मिलिमीटर होते. सेंच्युरियन सुमारे ३ मीटर उंच, म्हणजे प्रतिकृतीत ८६ मिलिमीटर, त्यामुळे टरेटचा, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजाचा, माथा उसावर दिसणे योग्यच आहे.

दोन-अडीच सेंटीमीटर जाडीच्या उसासाठी ०.६ ते ०.७ मिलिमीटरची तांब्याची तार लागते. शेतीपंपाच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या दुकानांत जुन्या तारेचे तुकडे सहज मिळतात. वरचे लाखेसारखे आवरण पॉलिश पेपरने खरवडल्याशिवाय त्यावर रंग धरत नाही. दर ३-४ मिलिमीटरवर फेव्हिकॉलचा बारीक थेंब फिरवून पेरे दाखवावीत, पिवळसर हिरवा रंग द्यावा आणि पेराच्या लगेच खाली उसावर असते तशी मेणचट पांढरी झाक कोरड्या कुंचल्याने आणावी.

खरे कसब पानात आहे. पान मीटरभर लांब आणि चार सेंटीमीटर रुंद धरले, तर आपल्याला सुमारे २९ मिलिमीटर लांब आणि जेमतेम १.१ मिलिमीटर रुंद पट्टी हवी. पातळ कागद आधी दोन्ही बाजूंनी ॲक्रिलिकने रंगवावा, खालची बाजू किंचित फिकट ठेवावी आणि वाळल्यावर नव्या ब्लेडने पट्ट्या कापून टोके निमुळती करावीत. बोथट सुईने मधोमध रेघ दाबून तीवर पांढऱ्या पेन्सिलीचा हलका हात फिरवला की पानाची शीर उठून दिसते. उसाच्या पानाला देठ नसतो, त्याचा तळ कांडीला वेढलेला असतो. म्हणून पट्टीचे शेवटचे ५-६ मिलिमीटर तारेभोवती गुंडाळूनच चिकटवावेत. पाने आळीपाळीने समोरासमोरच्या दोन बाजूंना यावीत. शेंड्यातील कोवळी पाने सरळ वर जातात आणि बाहेरची कमानीसारखी वाकतात. हा बाक सुईवरून ओढून द्यावा. प्रत्येक उसाला आठ-दहा हिरवी पाने पुरेत, खाली वाळक्या गवताच्या रंगाचे थोडे पाचट लोंबते ठेवावे. खरे वाळलेले पाचट वापरण्याचा मोह टाळावा, कारण त्याच्या शिरा या मापाला भरड दिसतात आणि पावसाळ्यात त्याला बुरशी लागते.

एवढे बारीक काम फक्त कडेच्या ओळींना करावे. आतल्या ओळींची वाढेच, म्हणजे पानांचे शेंडेच, दिसतात. ऊस एकेकटा न रोवता बेटाने रोवावा आणि दोन सऱ्यांत सुमारे २६ मिलिमीटर अंतर सोडावे. जमीन आपल्यासारखी काळी नको, गाळाची तपकिरी हवी. शेतांत पाणी सोडलेले असल्यामुळे सऱ्यांमध्ये चकचकीत वार्निश ओतून ओल दाखवावी, पानांवर मात्र मॅट वार्निशच मारावे.

रणगाडा जेथून आत शिरला तेथील ऊस त्याच्या चालीच्या दिशेने आडवा पडलेला असावा, मोडलेल्या कांड्यांचा आतला फिकट रंग दिसावा. लपण्यासाठी रणगाड्यावर बांधलेला तोडीचा ऊस थोड्याच वेळात मलूल होतो, तेव्हा त्याची पाने खाली झुकवावीत आणि रंगात राखाडी छटा मिसळावी. पेरिस्कोप, नेमाची भिंगे आणि इंजिनाच्या जाळ्या उघड्या राहू द्याव्यात. टरेट आणि खालचा सांगाडा यांना जोडून एकही कांडी बांधू नये, नाहीतर टरेट फिरणार नाही आणि जाणकाराची नजर आधी तेथेच जाईल.