हनोईत शिकवायला जाताय? आधी हाक मारायला शिका

हनोईत मी राहायचे त्या इमारतीच्या दाराशी एक पिकल्या केसांचे राखणदार बसायचे. पहिला महिनाभर मी रोज सकाळी त्यांना मोबाइलवर शिकलेल्या व्हिएतनामीत नमस्कार करायची. स्वतःला ‘तोइ’ म्हणजे मी, आणि त्यांना ‘बान’ म्हणजे तुम्ही. व्याकरणात एकही चूक नव्हती. ते मान हलवायचे, पण चेहरा कोराच. शेवटी शाळेतल्या एका सहकारी शिक्षिकेने मला बाजूला घेऊन सांगितलं, “तू त्यांच्याशी बँकेच्या पत्रासारखं बोलतेस. त्यांना ‘बाक’ म्हण आणि स्वतःला ‘चाउ’.” बाक म्हणजे आईवडिलांपेक्षा मोठे काका, चाउ म्हणजे पुतणी किंवा नात. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, “चाउ चाओ बाक आ.” ते चक्क उठून उभे राहिले आणि त्यांनी मला गार चहा ओतून दिला.

मी मूळची नाशिकची. चार वर्षं हनोईच्या काउ झाय भागात इंग्रजी शिकवलं, सकाळी प्राथमिक शाळेत आणि संध्याकाळी खासगी वर्गात. आता मराठी मुलंमुली तिकडे शिकवायला जायचं म्हणतात आणि मला विचारतात, तेव्हा मी आधी हीच गोष्ट सांगते. व्हिसा, घर, पगार यांची माहिती कुठेही मिळेल. नात्याने हाक मारायला शिकलात, तर मात्र बाकीची निम्मी कामं आपोआप सोपी होतात.

व्हिएतनामीत ‘मी’ आणि ‘तू’ ठरलेले नाहीत. समोरचं माणूस तुमचं कोण लागतं, यावर दोन्ही शब्द ठरतात. थोडा मोठा पुरुष ‘आञ’, म्हणजे दादा. थोडी मोठी बाई ‘ची’, म्हणजे ताई. त्यांच्यापुढे तुम्ही ‘एम’, धाकटं भावंड. आजीच्या वयाची बाई ‘बा’, आजोबांच्या वयाचे ‘ओंग’. ‘तोइ’ चुकीचा नाही, पण कोरडा आहे. ओळखीच्या माणसाशी वापरला की अंतर ठेवल्यासारखं वाटतं. आपण भाजीवाल्या मावशी, रिक्षावाले काका, शेजारची ताई म्हणतच मोठे झालो, म्हणून इंग्लंड-अमेरिकेहून आलेल्या शिक्षकांना जे महिनोन् महिने जड जातं ते आपल्याला आठवड्यात जमतं. आणि वाक्याच्या शेवटी मोठ्यांसाठी तो छोटा ‘आ’ लावायचा. तो गाळला तर लहान मुलालासुद्धा घरात टोकतात.

शिक्षिकेला ‘को’ म्हणतात, शिक्षकाला ‘थय’. को या शब्दाचा मूळ अर्थ आत्या! वर्गात तुम्ही स्वतःलाही ‘को’च म्हणायचं: “को सांगतेय, ऐका.” लहान मुलं स्वतःला ‘कोन’ म्हणतात, म्हणजे लेकरू, मोठी ‘एम’ म्हणतात. पस्तीस मुलं एका सुरात “चाओ को आ” म्हणत उभी राहतात, तेव्हा मला माझ्या नाशिकच्या शाळेतलं “नमस्ते बाई” आठवायचं.

म्हणूनच पहिल्या भेटीत लोक वय विचारतील. रागावू नका. तुम्हाला दादा म्हणायचं की धाकटा, हे कळल्याशिवाय त्यांना पुढचं वाक्यच बोलता येत नाही. वय न सांगता जन्मसाल सांगा, कारण तिकडे जुन्या मोजणीने वय एखाद्या वर्षाने वाढतं आणि घोळ होतो. मी नुसतं ‘८७’ म्हणायची. लगेच उत्तर यायचं, “मांजराचं वर्ष!” बारा प्राण्यांच्या चक्रात चिनी लोकांकडे ससा असतो तिथे व्हिएतनाममध्ये मांजर आहे. लग्न झालं का, मुलं किती, जाड झालीस, काळवंडलीस, हेही तोंडावर म्हणतील. आपल्याकडच्या लग्नकार्यात आत्या-मावश्या म्हणतात त्याच मायेने. आणि रस्त्यात “कुठे निघालात?” असं विचारलं तर मनाला लावून घेऊ नका. आपल्याकडे निघताना ‘कुठे’ विचारणं अशुभ मानतात. तिकडे तो नुसता नमस्कार आहे. “आन कम चुआ?” म्हणजे “भात खाल्ला का?”, हाही तसाच. अगदी आपलं “जेवलात का?”.

नावांचंही सांगते. आडनाव आधी, नाव शेवटी, आणि हाक नावानेच मारायची. व्हो न्ग्वेन ज्याप या प्रसिद्ध सेनापतींना लोक ‘जनरल ज्याप’ म्हणतात, ‘जनरल व्हो’ नाही. हो चि मिन्ह यांना मात्र सगळे ‘बाक हो’ म्हणतात, तो अपवाद. वर्गात बऱ्याच मुलांचं आडनाव न्ग्वेन असतं, तेव्हा आडनावाने हाक मारून उपयोगही नाही.

उच्चार शिकताना कृपा करून इंग्रजी स्पेलिंगच्या मागे लागू नका. वही घ्या आणि देवनागरीत लिहा. मुळाक्षरांमध्ये घोकलेले आणि नंतर फारसे कधी न लागलेले ङ आणि ञ इथे रोज कामाला येतात. न्ग्वेन हे नावच ङ ने सुरू होतं. त आणि थ वेगळे आहेत, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही; इंग्रजी बोलणाऱ्यांना लागतं. हनोईत तीन वेगवेगळ्या अक्षरांचा उच्चार आपल्या ‘झाड’मधल्या झ सारखा होतो, म्हणून तिथल्या बायकांचा तो सुंदर लांब पोशाख हनोईत ‘आओ झाय’ आणि दक्षिणेत सायगॉनकडे ‘आओ याय’. अवघड आहेत ते सूर. हनोईत सहा आहेत. एकच ‘मा’ सहा सुरांत म्हटला की भूत, आई, पण, थडगं, घोडा आणि भाताचा तरवा, असे सहा अर्थ होतात. सुटे शब्द पाठ करून सूर बसत नाहीत. मी बाजारात भाजीवाल्या ‘बा’च्या मागोमाग अख्खं वाक्य म्हणायची, ती हसून दुरुस्त करायची, आणि तिनेच मला सूर शिकवले.

आता वर्ग. हा भाग मी सगळ्यात मोठ्या चुकीतून शिकले. एका मुलाने तिसऱ्यांदा गृहपाठ आणला नव्हता. मी सगळ्यांसमोर रागावले. तो हसला. मी आणखी चिडले, आवाज चढवला. तो आणखी हसला, आणि त्याच्या कानांच्या पाळ्या लाल होत गेल्या. तास संपल्यावर त्याच सहकारी शिक्षिकेने समजावलं की ते हसू उद्धटपणाचं नव्हतं. शरमेने जीव अर्धा झाला की तिकडचं मूल हसतं. त्याचा मान चारचौघांत गेला होता आणि तो मी घालवला होता. त्या दिवसापासून रागवायचं असेल तर मी मुलाला तासानंतर खिडकीपाशी बोलवायची. बोलवतानाही तळवा खाली करून बोटं हलवायची. तळवा वर करून कुत्र्याला बोलावतात. परीक्षेआधी शुभेच्छा म्हणून एका बोटावर दुसरं बोट चढवून दाखवायची इंग्रजी पद्धत तर वर्गात अजिबात आणू नका, तिकडे ती अश्लील खूण आहे.

“समजलं का?” हा प्रश्न विचारूच नका. उत्तर नेहमी होकारार्थीच येतं, कारण त्यांच्या ‘वंग’चा, म्हणजे ‘हो’चा, अर्थ “ऐकतोय” एवढाच असतो. त्याऐवजी काम द्या: शेजाऱ्याला सांग, फळ्यावर लिही, चित्र काढ. दोघादोघांच्या जोड्या केल्या की जी मुलं एकट्याने तोंड उघडत नाहीत ती बोलायला लागतात. उच्चारात शेवटची व्यंजनं गळतात. व्हिएतनामीत शब्दाच्या शेवटी स नसतोच, आणि क-त-प ओठांत किंवा घशात अडवून सोडून देतात. त्यामुळे ‘लाइक’, ‘लाइट’, ‘लाइस’ सगळं ‘लाइ’. मी प्रत्येकाला वहीच्या कागदाची बोटभर पट्टी कापून दिली होती. ती ओठांसमोर धरायची आणि ‘कप’ म्हणायचं. पट्टी हलली तर प निघाला. आठवडाभरात मुलं मधल्या सुट्टीतही पट्ट्या हलवत फिरायची.

दुपारी साडेअकरा ते दीड-दोनच्या दरम्यान कोणाला फोन करू नका. शिक्षकांच्या खोलीत दिवे बंद होतात, घडीच्या खाटा उघडतात आणि सगळे झोपतात. वामकुक्षीला लाजायचं कारण नाही; तुम्हीही एक चटई नेऊन ठेवा. पालकांचे निरोप झालो या ॲपवर येतात, अगदी रात्री दहालाही. काय उत्तर द्यायचं ते सकाळी ठरवा, पण “मिळालं” एवढं लगेच कळवा.

शाकाहारी असाल तर शब्द एकच, ‘चाय’. “एम आन चाय” म्हणजे मी शाकाहारी जेवते. नुसतं “मांस नको” म्हणू नका. मी तसं म्हटलं आणि भाज्या घातलेलं फो, म्हणजे तांदळाच्या शेवयांचं सूप, समोर आलं. अर्धा वाडगा संपल्यावर कळलं की पाणी हाडांचं होतं. चायबरोबर “खोंग न्युक माम” हेही पाठ करा, माशाचा रस नको. बौद्ध घरांत चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक जण चाय पाळतात, त्यामुळे त्या दिवशी चाय खानावळीत जागा मिळत नाही. तुम्ही चाय का खाता असं कोणी विचारलं, तर “आमच्याकडे एकादशी असते तसं” असं समजावलं की प्रश्न मिटतो. बाजारात तुम्हाला ओळखीचं खूप सापडेल. ‘झाउ मुओंग’ म्हणून सगळीकडे विकतात ती आपली नाळीची भाजी. तांदळाचं पीठ कुठेही मिळतं, माझी घावनं तिकडे कधी अडली नाहीत. आणि शरद ऋतूत ‘कोम’ नक्की खा: कोवळ्या भाताचे हिरवे, मऊ पोहे, कमळाच्या पानात बांधलेले, भाताच्या काडीने गाठ मारलेली. आमच्याच भागातलं जुनं व्होंग गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. पहिल्यांदा पान उघडलं तेव्हा त्या वासाने मला हुरड्याची आठवण आली आणि डोळे भरून आले.

घरी जेवायला बोलावलं तर जाच. मी एका सहकारी शिक्षिकेच्या आजोबांच्या ‘झो’ला गेले होते, म्हणजे पुण्यतिथीला. चपला बाहेर काढल्या, फळं दोन्ही हातांनी दिली. वर देव्हाऱ्यापाशी आजोबांच्या तसबिरीपुढे ताट मांडलं होतं. उदबत्ती जळून संपेपर्यंत खाली कोणी जेवायला बसलं नाही. मग सतरंजीवर मोठी गोल परात, भोवती सहा जण. भाताचं भांडं सर्वांत धाकट्या सुनेपाशी. जेवायच्या आधी घरातल्या सात वर्षांच्या मुलीने प्रत्येकाकडे बघून म्हटलं, “चाउ मय बा, चाउ मय बाक…” आजी, जेवा. काका, जेवा. एकालाही वगळलं नाही. मग मीही तसंच म्हटलं, आजीपासून सुरुवात करून. आजीने काड्या उलट्या करून स्वच्छ बाजूने माझ्या वाडग्यात टोफू वाढला. काड्या भातात उभ्या खोचू नका, त्या मृतासाठीच्या उदबत्तीसारख्या दिसतात. वाडग्यात कोणी वाढलं तर तो आग्रह आहे. थोडं खाऊन थोडं ठेवा, रिकामा वाडगा पुन्हा भरतो.

थोडं बाकीचंही. रस्ता ओलांडताना हळू, एका चालीने चालत राहा. पळू नका, थांबू नका, मागे तर अजिबात सरू नका. दुचाक्या तुमची चाल बघून वळतात. बससाठी मात्र थांबा. वीस हजार आणि पाच लाख डोंगच्या दोन्ही नोटा निळ्या आहेत, पाकिटात वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा. विक्रेता “तीस” म्हणाला तर ते तीस हजार. पर्यटक व्हिसावर शिकवायला सुरुवात करू नका, कोणी कितीही गळ घातली तरी. पदवीची कागदपत्रं भारतातच प्रमाणित करून घ्या आणि करार दोन्ही भाषांत मागा. एका वर्गचालकांनी माझा दोन महिन्यांचा पगार अडवला होता, तो करारातल्या एका ओळीमुळेच सुटला. फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘नोम’ येतो, म्हणजे दमट हवेने फरशी आणि भिंतींना घाम फुटतो. तेव्हा खिडक्या उघडायच्या नाहीत, बंद ठेवायच्या. माझी अर्धी पुस्तकं पहिल्याच वर्षी बुरशीने गेली.

शिक्षकांना तिकडे जो मान आहे तो जपून घ्या. २० नोव्हेंबरला शिक्षक दिन असतो. सगळी हनोई फुलांनी भरते आणि घरी नेताना गुच्छ दुचाकीवर मावत नाहीत. फुलं घ्या, मुलांची पत्रं घ्या. जाड पाकीट आलं तर काय करायचं ते शाळेला आधीच विचारून ठेवा. व्हान मिउ या साहित्य मंदिरात एकदा तरी जा. १०७० साली बांधलेलं आहे, आणि दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिळा आहेत, परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्वानांची नावं कोरलेल्या.

आणि तेत, म्हणजे त्यांचं नवं वर्ष. म्हण आहे की तेतचा पहिला दिवस वडिलांकडचा, दुसरा आईकडचा आणि तिसरा गुरूचा. पहिल्या दिवशी न बोलावता कोणाच्या घरी जाऊ नका. वर्षातलं पहिलं पाऊल कोणाचं, हे घरचे ठरवून ठेवतात. तिसऱ्या दिवशी मात्र तुमच्या दारावर टकटक होईल. चहा, कलिंगडाच्या भाजलेल्या बिया आणि लाल पाकिटं तयार ठेवा. पाकिटात रक्कम छोटी चालते, नोट कोरी हवी, आणि कोऱ्या नोटा तेतच्या आठवड्यात मिळत नाहीत. महिनाभर आधीच बँकेतून आणून ठेवा.