कॅमेरा कोन देतो, अंतर देत नाही

क्षेपणास्त्राचा मार्ग निव्वळ कॅमेऱ्याच्या निरीक्षणांवरून काढायचा प्रोजेक्ट हाती घेतलाय, काल्मन फिल्टर (निरीक्षणं आणि गतीचं गणित जोडून स्थान-वेगाचा अंदाज देणारी पद्धत) चालतोय, पण उत्तर पटत नाही? ऐरोलीच्या भाड्याच्या खोलीत मीही इथेच अडकले होते, आणि ते दिवस अजून आठवतात.

एका कॅमेऱ्यातून दिगंश (क्षितिजावरची दिशा) आणि उन्नतांश (क्षितिजापासूनची उंची) हे कोन मिळतात, अंतर नाही. हे सगळ्यांना पाठ असतं. तरी फसायला होतं, कारण रेसिड्युअल, म्हणजे निरीक्षण आणि अंदाज यांतले फरक, छान लहान येतात. पण दुप्पट लांबून, दुप्पट वेगाने आणि दुप्पट प्रवेगाने जाणारी वस्तू कॅमेऱ्यात अगदी तीच रेघ उमटवते! इंजिन बंद झाल्यावर, विरळ हवेत, प्रवेग फक्त गुरुत्वाकर्षणाचा असतो. तो माहीत असल्यामुळे अंतर ठरतं. गणितज्ञ गाउसने १८०१ साली सीरीस या लघुग्रहाची कक्षा कोनांवरूनच काढली, तीही सूर्याचं गुरुत्वाकर्षण आणि पृथ्वीची गती माहीत होती म्हणून. इंजिन जळत असताना मात्र थ्रस्ट, म्हणजे इंजिनाचा रेटा, अज्ञात. मग फिल्टर तुम्हीच दिलेला सुरुवातीचा अंदाज परत तुमच्या हातात ठेवतो, आणि कोव्हेरियन्स (फिल्टरने सांगितलेली अनिश्चितता) आकसलेला बघून आपण खूश होतो.

म्हणून सुरुवातीचं अंतर दुप्पट करून पुन्हा चालवा. उत्तर त्याच्यामागे सरकलं, तर ते निरीक्षणांतून आलेलंच नाही. गिटहबवरून उचललेला कोड हे कधीच सांगणार नाही. फळ्यावर आधी भूमिती काढायला लावणारा प्रोजेक्ट गाइड सांगेल. मग त्याचे पेपर कमी का असेनात.

घाबरू नका. निव्वळ कॅमेऱ्यावर कुणीच विसंबत नाही: ओडिशातल्या चांदीपूरच्या क्षेपणास्त्र चाचणी तळावरही ऑप्टिकल ट्रॅकिंगच्या जोडीला रडार आणि टेलिमेट्री (क्षेपणास्त्राने रेडिओवरून पाठवलेली माहिती) असतेच.

सराव आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर करा. कक्षा सर्वांना उपलब्ध आहे, आणि मागचे तारे कॅलिब्रेशनला फुकट. एक कॅमेरा ऐरोलीच्या गच्चीवर, दुसरा बेलापूरला ठेवलात, तर बेसलाइन, म्हणजे दोन कॅमेऱ्यांमधलं अंतर, जेमतेम १६ किलोमीटर. स्थानक माथ्यावर, म्हणजे ४०० किलोमीटरवर असताना कोनातली एका कलेची (अंशाच्या साठाव्या भागाची) चूक अंतरात सुमारे ३ किलोमीटर होते. दुसरा कॅमेरा पुण्यातल्या मित्राकडे दिलात, तर तीच चूक ४०० मीटरच्या आसपास येते. घड्याळं मात्र जुळवून घ्या. स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त पळतं, त्यामुळे दशांश सेकंदाच्या फरकात पाऊण किलोमीटर गेलं.

जून ते सप्टेंबर इथे आकाश मिळत नाही. ते महिने स्वतः बनवलेल्या डेटावर घालवा. खरा मार्ग आपल्याला माहीत असतो, त्यामुळे फिल्टर कुठे भरकटतो ते लगेच दिसतं.