जुन्या बखरी आणि प्रवासवर्णनं वाचताय? या चुका टाळा

अडलेला शब्द फारसा धोक्याचा नसतो. अडलं की माणूस कोश उघडतोच. फसवतो तो ओळखीचा शब्द.

‘कारखाना’ घ्या. शिवकालातले ‘अठरा कारखाने’ म्हणजे यंत्रं धडधडणाऱ्या जागा नव्हेत. खजिना, जवाहिरखाना, पीलखाना (हत्तींचा) अशी ती राज्याची कोठारं नि खाती. त्यातल्या दारूखान्यात पिण्याची नव्हे, तोफा-बंदुकांची दारू असे. उलट गोंधळही होतो. 17व्या शतकातल्या इंग्रजी कागदांत सुरतेची ‘फॅक्टरी’ भेटते आणि भाषांतरकार बिनदिक्कत ‘कारखाना’ लिहून मोकळा होतो. फॅक्टर म्हणजे कंपनीचा व्यापारी गुमास्ता. तो जिथे राहायचा आणि माल साठवायचा ती फॅक्टरी. आपल्याकडे ‘वखार’ हा नेमका शब्द असताना कारखाना कशाला?

माणसांच्या आणि मुलखांच्या नावांत तर पाय हमखास घसरतो. पेशवाईतल्या पत्रात ‘मोगल’ आला की लगेच दिल्लीकडे बघू नका. पुष्कळदा तो हैदराबादचा निजाम असतो. पुण्यात बसलेला कारकून फौज ‘हिंदुस्थानात’ गेली म्हणतो, तेव्हा ती नर्मदेपलीकडे, उत्तरेत गेलेली असते. शिवकालीन कागदांतला ‘फिरंगी’ बहुधा पोर्तुगीज. इंग्रज वेगळा, वलंदेज म्हणजे डच वेगळा, आणि सगळे मिळून टोपीकर. युरोपीय प्रवाशांनी इथल्या मुसलमानांना ‘मूर’ म्हटलं, हिंदूंना ‘जेंटू’. मार्को पोलोचा ‘मधला हिंद’ तर थेट अबिसिनिया, म्हणजे आजचा इथिओपिया आहे!

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. लिहिणारा कोण, कुठे बसून लिहितोय, हे आधी बघायचं. मग त्याच लेखकाने तोच शब्द आणखी कुठे वापरलाय ती ठिकाणं काढायची. कोश त्यानंतर, आणि तोही जुना: मराठीसाठी मोल्सवर्थ (1831, सुधारलेली आवृत्ती 1857), साहेबी बोलीतल्या शब्दांसाठी 1886चा हॉब्सन-जॉब्सन. आजच्या कोशात आजचाच अर्थ पहिला सापडणार.

एखाद्या शब्दावर मोठा निष्कर्ष उभा करायचा असेल, तर तो शब्द मूळ लेखकाचाच आहे ना, हेही तपासा. विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’, म्हणजे 1857च्या बंडाच्या काळातलं त्यांचं प्रवासवर्णन, 1907 साली छापला गेला तो चिं. वि. वैद्यांचा हात फिरून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ द. वा. पोतदारांनी 1966 साली आणला. गोडशांच्या भाषेबद्दल बोलायचं तर दुसरा हाती हवा.

तारखांचं थोडक्यात: शकात 78 मिळवले की इसवी सन, शकवर्षाच्या अखेरीच्या, जानेवारीपासूनच्या महिन्यांत 79. इंग्रजांचं वर्ष 1752पूर्वी 25 मार्चला सुरू व्हायचं, म्हणून जानेवारी 1664मधली सुरतेची लूट त्यांच्या कागदांत 1663 खाली दिसू शकते.

आणि संगणकावर शोधून ‘उल्लेखच नाही’ असं जाहीर करण्याआधी स्पेलिंगं बदलून बघा. इंग्रजी पत्रांत शिवाजी ‘सेवाजी’ असतो. शिवाय जुन्या इंग्रजी छपाईतला लांब ‘एस’ यंत्राला ‘एफ’ वाटतो, त्यामुळे ‘कोस्ट’चं ‘कोफ्ट’ होतं. तोही शब्द टाकून बघायचा.