परसात गिनी फाउल उतरला तर

गोराई-मनोरीकडे किंवा एखाद्या गावठाणात ज्यांच्या घरामागे अजून परस उरलंय, त्यांच्यासाठी ही टीप.

हिवाळ्यातल्या सकाळी तुळशीपाशी कोंबडीएवढा पक्षी दिसला, करड्या अंगावर पांढरे ठिपके, निळसर टकलं डोकं आणि त्यावर हाडाचा तुरा, तर ती लांडोर नव्हे. तो गिनी फाउल, मूळचा आफ्रिकेतला शिकारीचा पक्षी. आपल्याकडे तो पाळतात, त्यामुळे बहुधा जवळच्याच कुणाच्या खुराड्यातून निसटलेला असतो.

धरायला अजिबात धावू नका. बिथरला की तो भिंतीवरून उडून थेट रस्त्यावर जातो. भिंतीच्या कडेला मूठभर ज्वारी-बाजरी टाका, पसरट भांड्यात पाणी ठेवा, कुत्रं-मांजर घरात घ्या. दिवे लागायच्या वेळी तो आपणहून फांदीवर बसतो. मालकाने त्याला धरायचं ते अंधार पडल्यावरच.

तोवर फोटो वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. दोन तुकड्यांची हाक फक्त मादी देते. ती ऐकू आली तरी ग्रुपवर लिहू नका. नर की मादी, ते हक्क सांगायला येणाऱ्यालाच विचारा.

घरच्या कोंबड्यांत मात्र त्याला मिसळू देऊ नका. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रात बर्ड फ्लू आला होता, म्हणून विष्ठेला हात लावू नका, भांडी साबणाने धुवा. जखमी असेल तर परळचं बाई साकरबाई जनावरांचं रुग्णालय आहे. आणि खरंच लांडोर निघाली, तर वनविभागाला १९२६ वर फोन करा.